फुल पेपरमध्ये बीजगणित दिसलं की हात गार पडतात, काय करू?

प्रश्न: ताई, मी बारावी सायन्सला आहे. गाव बीड जिल्ह्यात, सध्या लातूरला रूम करून राहते. दहावीपर्यंत मराठी मिडियम, गणितात कायम नव्वदच्या वर मार्क. आता सीईटी आणि जेईई मेन दोन्ही देणार आहे. चॅप्टर टेस्टमध्ये बीजगणित येतं, पण फुल पेपरमध्ये तेच जरा फिरवून आलं की हात गार पडतात. मागच्या मॉकला बीजगणिताचे सात प्रश्न सोडवले, चार चुकले, आणि वाईट याचं वाटतं की चारही सोल्युशन बघितल्यावर दोन मिनिटांत समजले. ट्रिक्सची वही केलीये, दोनशे पानी, ती भरत आली तरी नवीन प्रश्न आला की त्यातलं काहीच आठवत नाही. पप्पा दर रविवारी फोनवर मार्क विचारतात. रूमचं भाडं, मेस, क्लासची फी सगळं डोळ्यासमोर येतं. मला डोकंच कमी आहे का?

उत्तर:

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा शेवटच्या ओळीवरच थांबले, खरं सांगते, पोटात तुटलं. दुसऱ्यांदा वाचताना मधली ओळ नीट दिसली, चारही चुका सोल्युशन बघून दोन मिनिटांत समजल्या म्हणतेस ती. अगं, डोकं कमी असतं तर सोल्युशन वाचूनही समजलं नसतं. तुला गणित येतं. तुझं अडतंय ते प्रश्न वाचून झाल्यावर आणि पेन चालायला लागायच्या आधी, त्या मधल्या पंधरावीस सेकंदांत, आणि तेवढ्याचा कोणी सराव करून घेत नाही कारण चॅप्टर टेस्टमध्ये त्याची गरजच पडत नाही. तिथे वर चॅप्टरचं नावच लिहिलेलं असतं ना, क्वाड्रॅटिक म्हटलं की फॉर्म्युला, लॉग म्हटलं की लॉगचे नियम, अर्धा निर्णय पेपर काढणाऱ्याने तुझ्यासाठी आधीच घेतलेला असतो. फुल पेपरमध्ये तो निर्णय तुला घ्यायचाय. हात गार पडतात ते तिथे.

एक प्रसंग सांगते म्हणजे काय म्हणतेय ते कळेल (आणि हो, मी इथे एक्सच्या जागी क्ष लिहितेय, तू एक्स समजून वाच). माझ्याकडे एक मुलगा यायचा, तुझ्यासारखाच हुशार, पाठांतर पक्कं. त्याला मी २०१५ च्या जेईई मेनमधला एक प्रश्न दिला, हाच प्रश्न २०११ ला आयआयटी जेईईतही येऊन गेलेला. क्ष² − ६क्ष − २ = ० या समीकरणाची मुळं अ आणि ब. अ चा दहावा घात वजा ब चा दहावा घात याला आपण 'दहावं पद' म्हणू, तसंच नववं, आठवं. तर दहाव्या पदातून आठव्याची दुप्पट वजा केली आणि त्याला नवव्याच्या दुपटीने भागलं तर किती? मी प्रश्न दिला आणि नुसती त्याच्या पेनाकडे बघत बसले. त्याने पहिली ओळ वाचली, समीकरण दिसलं, आणि पेन सुरू. पुढच्या दोन ओळी त्याने वाचल्याच नव्हत्या अजून. डिस्क्रिमिनंट (फॉर्म्युल्यातलं वर्गमुळाच्या आतलं) काढला, ४४ आला, मुळं आली ३ अधिक-वजा √११, अगदी बरोबर, एकही चूक नाही, आणि मग पुढची ओळ वाचली तर √११ वाल्या आकड्याचा दहावा घात करायचाय. तेव्हा त्याचा चेहरा पडला तो मला अजून दिसतो. त्याने पानभर केलं आणि सोडून दिलं.

आता तेच वीस सेकंद थांबून बघ. प्रश्नात अ किती हे विचारलेलंच नाहीये. विचारलंय दहाव्या, नवव्या आणि आठव्या पदाचं एकमेकांशी नातं काय. मग समीकरणाकडे परत बघायचं, की हे मला तीन लागोपाठच्या घातांचं नातं देतं का? देतं की! अ हे मूळ आहे म्हणजे अ² − २ = ६अ. याला दोन्ही बाजूंनी अ च्या आठव्या घाताने गुणलं की झालं, अ चा दहावा घात वजा आठव्याची दुप्पट बरोबर सहा गुणिले नववा. ब चंही तसंच. एकातून दुसरं वजा केलं की दहावं पद वजा आठव्याची दुप्पट बरोबर नवव्याची सहापट, त्याला नवव्याच्या दुपटीने भागलं, उत्तर ३. √११ कुठे लागलंच नाही.

हे वाचून तुला वाटेल ही अजून एक ट्रिक, लिहून ठेवू वहीत. नको लिहूस. म्हणजे ट्रिक म्हणून नको लिहूस. त्यातली लक्षात ठेवायची गोष्ट एवढीच की आधी शेवटची ओळ वाचायची, काय मागितलंय ते बघायचं, आणि दिलेली गोष्ट त्या मागितलेल्या गोष्टीच्या आकारात फिरवता येते का ते बघायचं. क्ष + १/क्ष = १ दिलं आणि क्षचा २०२५ वा घात अधिक त्याचा व्यस्त विचारला तर बरीच मुलं क्ष काढायला जातात, रिअल किंमत नाही म्हणून घाबरतात. पण मागितलाय मोठा घात, म्हणजे घात लहान करून देणारं काहीतरी हवं. समीकरण क्ष² − क्ष + १ = ० झालं, याला क्ष + १ ने गुण, क्ष³ = −१ मिळतं. २०२५ म्हणजे ३ गुणिले ६७५, विषम, म्हणून −१ आणि −१, उत्तर −२. विचार तोच, प्रश्न दुसरा. दोनशे पानी वहीतल्या निम्म्या ट्रिक्स अशा एकाच विचाराच्या बहिणी असतील बघ, वेगवेगळ्या लिहिल्यामुळे तुला त्या ओळखू येत नाहीयेत.

पण तुझे जे चार चुकले त्यात मला वेगळीच शंका येतेय. तू लिहिलंस सात सोडवले आणि चार चुकले. म्हणजे उत्तर आलं होतं, पर्यायात सापडलंही होतं, तू आनंदाने टिक केलंस आणि ते चूक निघालं. हा खड्डा वेगळा आहे आणि मला याच्यावरच जास्त बोलायचंय, कारण पेपर काढणारे याच खड्ड्यात पर्याय पेरून ठेवतात.

तुमच्या बोर्डाच्या बारावीच्या गणिताच्या पुस्तकातला पहिला चॅप्टर कुठला? मॅथेमॅटिकल लॉजिक. सगळे त्याला मार्क मिळवून देणारा सोपा चॅप्टर म्हणतात, ट्रुथ टेबल पाठ करतात आणि पुढे जातात, मला मात्र वाटतं अख्ख्या बीजगणिताची किल्ली त्या चॅप्टरमध्ये आहे. कन्व्हर्स आठव. 'हे असेल तर ते असेल' हे खरं असलं म्हणून 'ते असेल तर हे असेल' खरं असेलच असं नाही. आता बीजगणितातली प्रत्येक पायरी म्हणजे असंच एक वाक्य असतं, वरची ओळ खरी असेल तर खालची खरी. पण खालच्या ओळीवरून वर परत येता येतं का? गावाला जाणारी एसटी मिळाली म्हणून परतीची मिळेलच असं नसतं ना, तसं. प्रत्येक पायरीला हा एक प्रश्न विचारायचा, परत येता येतं का.

√(क्ष + ७) = क्ष − ५ घे. वर्ग केला, क्ष² − ११क्ष + १८ = ०, मुळं २ आणि ९. पर्यायांमध्ये '२ आणि ९' असतंच, डोळे मिटून टिक. पण २ वर टाकून बघ, डावीकडे √९ म्हणजे ३, उजवीकडे −३. वर्ग केल्यावर ३ आणि −३ सारखेच दिसायला लागतात, पण वर्गावरून परत मूळ वाक्यावर येता येत नाही. म्हणून फक्त ९. हे तुला माहितीये, क्लासमध्ये सांगितलेलंच असतं की वर्ग केला तर उत्तर टाकून बघा. पण याची उलटी बाजू कमी मुलांना माहिती असते आणि ती जास्त धोक्याची आहे.

वर्ग करण्यात काय होतं, नको असलेलं उत्तर आत घुसतं. ते समोर दिसतं, टाकून बघितलं की पकडता येतं. पण काही पायऱ्यांमध्ये हवं असलेलं उत्तर बाहेर पडतं, आणि जे गेलं ते समोर नसतंच, मग शेवटी काय टाकून बघणार? उदाहरणार्थ लॉग बेस ३, आत क्ष², बरोबर ४. हात आपोआप काय करतो, वरचा २ खाली आणतो, दोन गुणिले लॉग क्ष बरोबर ४, लॉग क्ष बरोबर २, क्ष बरोबर ९. टाकून बघ, बरोबर येतंय. खूष. पण −९ कुठे गेला? आत क्ष² होतं, त्याला −९ चालत होता, तू २ खाली आणलास त्या क्षणी आत नुसता क्ष उरला आणि त्याला ऋण चालत नाही. २ खाली आणायचा तर आतला क्ष मॉडमध्ये (म्हणजे चिन्ह सोडून नुसती किंमत) घालूनच आणायचा. तसंच दोन्ही बाजूंना (क्ष − २) दिसला की काटून टाकणं, २ हे उत्तर असेल तर ते तिथेच गेलं. या चुका शेवटी पडताळून सापडत नाहीत, त्या त्याच पायरीवर पकडाव्या लागतात. म्हणून भागाकार करताना, काहीतरी काटताना, लॉगमधला घात खाली आणताना पेन अर्धा सेकंद थांबलंच पाहिजे. सवयीने थांबलं पाहिजे, आठवण करून द्यायला लागू नये.

इनइक्वॅलिटीत पण हेच. (क्ष + १) ला (क्ष − २) ने भागलेलं २ पेक्षा लहान. निम्मी मुलं (क्ष − २) तिकडे गुणायला नेतात आणि क्ष मोठा ५ पेक्षा असं उत्तर देतात. शून्य टाकून बघ, वजा अर्धा, २ पेक्षा लहान आहेच की, मग शून्य का नाही उत्तरात? कारण (क्ष − २) धन आहे की ऋण ते माहिती नसताना गुणलं. सगळं एका बाजूला आण, (५ − क्ष) भागिले (क्ष − २) शून्यापेक्षा लहान, उत्तर क्ष लहान २ पेक्षा किंवा मोठा ५ पेक्षा. शून्य टाकून बघायला तीन सेकंद लागतात, आणि इनइक्वॅलिटीच्या प्रश्नात पर्यायांवर एखादा साधा आकडा टाकला की दोनतीन पर्याय तिथेच गळतात.

आता जेईई मेन २०१६ चा एक प्रश्न. मी प्रत्येक बॅचला हा एकदा देतेच. (क्ष² − ५क्ष + ५) या सगळ्याचा घात (क्ष² + ४क्ष − ६०), आणि बरोबर १. तर क्षच्या सगळ्या रिअल किमतींची बेरीज किती? पर्याय होते ३, −४, ६ आणि ५. आधी स्वतः कर, मग पुढे वाच.

केलंस? घात १ कधी होतो? घातांक शून्य असेल तर. क्ष² + ४क्ष − ६० = ०, क्ष ६ किंवा −१०, तिथे पाया शून्य होत नाही ना तेवढं बघितलं, नाही होत. बेरीज −४. पर्यायात −४ आहे! जो इथे थांबला तो गेला. दुसरं, पाया १ असेल तर घातांक काहीही चालतो, क्ष² − ५क्ष + ४ = ०, १ आणि ४, बेरीज ५. पर्यायात ५ आहे! ज्याला एवढंच सुचलं तोही गेला. तिसरं, जे मुलांना सुचतच नाही, पाया −१ असेल आणि घातांक सम असेल तरी १ येतो. क्ष² − ५क्ष + ६ = ०, २ आणि ३. इथपर्यंत पोचलेला मुलगा सगळे सहा मिळवतो, ६ − १० + १ + ४ + २ + ३, बेरीज ६. पर्यायात ६ आहे! आणि सगळ्यात जास्त वाईट मला याचं वाटतं कारण हा मुलगा सगळ्यात जास्त हुशार होता, सगळं सुचलं त्याला, फक्त 'घातांक सम असेल तर' ही स्वतःचीच अट परत बघायला विसरला. २ ला घातांक −४८ येतो, सम, चालेल. ३ ला −३९ येतो, विषम, म्हणजे किंमत −१ होते, नाही चालणार. म्हणून बरोबर उत्तर ३.

बघ कसा पेपर काढलाय. एकही पर्याय उगाच टाकलेला नाही. त्यामुळे 'माझं उत्तर पर्यायात आहे' ही गोष्ट बरोबर असल्याचा पुरावा समजायची नाही, हे मनाला एकदा पक्कं सांगून ठेव, तुझे चारातले किमान दोन तरी याच्यामुळे गेलेत असं मला वाटतं.

अट सांभाळायची ही गोष्ट काही आजची नाही बरं का. भास्कराचार्यांच्या बीजगणितात बाराव्या शतकातलं एक माकडांचं गणित आहे, मला फार आवडतं. कळपाचा पाचवा भाग, त्यातून तीन वजा, त्याचा वर्ग, एवढी माकडं गुहेत गेली आणि एक झाडावर दिसतंय, तर एकूण किती? समीकरण क्ष² − ५५क्ष + २५० = ० होतं, मुळं ५० आणि ५. दोन्ही समीकरणात बसतात! पण ५ माकडं घेतली तर पाचवा भाग एक, त्यातून तीन गेले, वजा दोन माकडं. म्हणून भास्कराचार्य ५ नाकारतात, उत्तर ५०. समीकरणाला ५ चालतंय, प्रश्नाला चालत नाही. आपल्या चाळीसगावजवळच्या पाटणला त्यांच्या नातवाने त्यांचे ग्रंथ शिकवायला मठ काढल्याचा शिलालेख आहे, म्हणजे आपल्याच मातीत आठशे वर्षांपूर्वी मुलं बसून हेच शिकत होती, की आलेलं उत्तर परत प्रश्नाला नेऊन दाखवायचं.

अजून एक प्रकार सांगते, तो जेईईच्या न्यूमेरिकलमध्ये फार येतो. (क − १)क्ष² + २(क − १)क्ष + ३ हे क्षच्या प्रत्येक रिअल किमतीला धन असायला हवं, तर क च्या पूर्णांक किमती किती? वर्गपद दिसलं की आपण क मोठा १ पेक्षा आणि डिस्क्रिमिनंट ऋण असं लिहितो, क लहान ४ पेक्षा येतं, २ आणि ३, उत्तर २. पण क = १ टाक. वर्गपदच गेलं, उरलं ३, आणि ३ कायम धनच. क = १ पण चालतो, उत्तर ३. प्रश्नात कुठेच 'क्वाड्रॅटिक' म्हटलेलं नव्हतं, ते आपण धरून चाललो. अक्षर सहगुणकात असेल तर 'हे शून्य झालं तर काय' हे आधी बघायचं, आणि न्यूमेरिकलमध्ये तर पर्यायही नसतात सावध करायला.

आता दोन परीक्षांचं. तू दोन्ही एकाच पद्धतीने देतेयस असं पत्रावरून वाटतं, तसं करू नकोस. सीईटीला गणिताचे ५० प्रश्न, ९० मिनिटं, प्रत्येकी २ मार्क, निगेटिव्ह नाही. म्हणजे एका प्रश्नाला १०८ सेकंद. जेईई मेनला २०२५ पासून ३ तासांत ७५ प्रश्न, विषयाला २५, त्यात ५ न्यूमेरिकल, आणि निगेटिव्ह न्यूमेरिकललाही आहे, म्हणजे सरासरी १४४ सेकंद. सीईटीत एकही प्रश्न रिकामा सोडायचा नाही, आणि पर्यायांचा भरपूर वापर करायचा, त्यात कमीपणा काही नाही. अ, ब, क एपीत (समान फरकाच्या श्रेणीत) आहेत, तर १/बक, १/कअ, १/अब कशात आहेत? सरळ १, २, ३ टाक. १/६, १/३, १/२ आले, म्हणजे एक षष्ठांश, दोन षष्ठांश, तीन षष्ठांश, एपी. दहा सेकंद. पण १, १, १ टाकलंस तर एपी पण, जीपी (समान गुणोत्तराची श्रेणी) पण, सगळेच पर्याय बरोबर दिसतील, म्हणून आकडे साधे घे पण सगळे सारखे नको. जेईईत मात्र दोन पर्यायांमध्ये अडकलीस आणि त्यातला एक निवडायला कारण सापडत नाहीये तर प्रश्नावर नुसती खूण करून पुढे जा, परत ये. चुकलं तर नुसते ४ जात नाहीत, वरून १ पण जातो.

रफ कागदाचं छोटंसं. प्रत्येक प्रश्नाचा नंबर टाकून चौकोन करून काम कर, आणि चौकोनाच्या वरच्या कोपऱ्यात दोन गोष्टी लिही, काय मागितलंय आणि अट काय. 'बेरीज हवी', 'क्ष धन', 'किती किमती', एवढंच, दोन शब्द. परत आल्यावर आपण कुठे होतो ते शोधण्यात मुलांचे किती मिनिटं जातात, आणि बेरीज विचारलेली असताना गुणाकार देऊन येणारी मुलं मी इतकी बघितलीत की या दोन शब्दांसाठी मी माझ्या मुलांच्या मागेच लागते.

आणि सरावाचं. सोल्युशन बघणं पंधरा दिवस बंद कर असं मी म्हणणार नाही, पण बघायची पद्धत बदल. अडलीस की सोल्युशन कागदाने झाक, फक्त पहिली ओळ उघड. ती वाचून पुढे जमतंय का बघ, दहा मिनिटं दे. नाही जमलं तर दुसरी ओळ. जिथे 'अरे हां' झालं ती ओळ महत्त्वाची, आणि तुझ्या वहीत तेवढंच जायला हवं: मला काय सुचलं नाही आणि ते सुचायला प्रश्नातला कुठला शब्द पुरेसा होता. 'तीन लागोपाठचे घात दिसत होते.' 'सहगुणकात अक्षर होतं.' असं, एका ओळीत. अख्खं सोल्युशन उतरवायचं नाही, ते पुस्तकात आहेच. मग तीन दिवसांनी तोच प्रश्न कोऱ्या पानावर परत. बऱ्याच वेळा परत अडशील, तेव्हा घाबरू नको, दुसऱ्यांदा अडलेला प्रश्न कायमचा राहतो असा माझा अनुभव आहे. आणि रोज रात्री जेवण झाल्यावर वीस मिनिटं एक वेगळाच सराव कर, दहा प्रश्न घ्यायचे, पेन लांब ठेवायचं, एकही सोडवायचा नाही, फक्त वाचून सांगायचं की यात काय मागितलंय, मी सुरुवात कुठून करेन आणि घसरायची जागा कुठली आहे. रूममेट असेल तर तिला मोठ्याने सांग. पहिल्या आठवड्यात वेळ वाया जातोय असं वाटेल, करत राहा.

दहावीपर्यंत मराठी मिडियम होतं म्हणालीस ना, तर एक गोष्ट मुद्दाम सांगते. इंग्रजीत प्रश्न वाचताना 'ॲट लीस्ट', 'अ‍ॅट मोस्ट', 'डिस्टिंक्ट', 'नॉन-झिरो', 'इंटिग्रल', 'ऑल रिअल' हे शब्द डोळ्यांवरून निसटतात, आपण आकडे शोधत असतो. गणिताची अर्धी अट या बारक्या शब्दांत असते. हे शब्द दिसले की पेनाने, कॉम्प्युटरवर असेल तर रफ कागदावर, मराठीत लिहून काढ, 'कमीत कमी', 'वेगवेगळ्या', 'शून्य सोडून'. मराठीत लिहिलं की तुझं डोकं ते आपोआप धरून ठेवेल, दहा वर्षं त्या भाषेत गणित केलंयस तू, ती शिदोरी टाकून द्यायची नाही.

पप्पांचं. तू त्यांना दर रविवारी आकडा सांगतेस, आणि आकडा कमी आला की तुझा आठवडा जातो. या रविवारी त्यांना आकड्याबरोबर एक वाक्य जास्तीचं सांग, 'पप्पा, चार चुकले, त्यातले दोन मी अट न बघितल्यामुळे चुकले, या आठवड्यात त्याच्यावर काम करतेय.' त्यांना लॉग आणि मॉड कळायची गरज नाही, पोरगी कुठे अडतेय हे तिचं तिला कळलंय एवढं त्यांना कळलं तरी त्यांचा जीव भांड्यात पडेल, आणि तुला पुढच्या रविवारची एवढी धास्ती वाटणार नाही. भाड्याचा आणि फीचा हिशोब त्यांनी केलेला आहे बाळा, तो पेपरच्या ९० मिनिटांत तू परत करायचा नाही.

आता तुझ्यासाठी एक गणित. २०१६ च्या त्या प्रश्नाच्या धर्तीवर मीच केलंय, पण घसरायची जागा दुसरीकडे आहे. (क्ष² − ३क्ष + १) चा घात (क्ष² − क्ष − ६), बरोबर १. क्षच्या वेगवेगळ्या रिअल किमती किती, आणि त्यांची बेरीज किती? घाई करू नकोस, 'वेगवेगळ्या' हा शब्द चौकोनाच्या कोपऱ्यात लिहून मग सुरुवात कर. आणि मला नुसतं उत्तर नको, रफ पानाचा फोटो पाठव, खाडाखोड असेल तशीच राहू दे, ती खोडलेली ओळच मला बघायचीये.